आजोबांच्या गाडीचं उंच हँडल

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्हाला अंगणातली गाडी दिसली आणि धाकटीने विचारलं, "आजोबांच्या गाडीला शिंगं कधी फुटली?" आजोबा शेजारीच बसले होते, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. त्यांच्यासमोर गोष्ट सांगायला घेतली की ते शेवट आधी सांगून टाकतात. मला गोष्ट पहिल्यापासून, ओळीने सांगायची असते. म्हणून लिहिते आहे.

तुम्ही इथे येता तेव्हा आपण भाड्याची मोठी मोटार करतो, त्यामुळे आजोबा आणि मोटारसायकल ही जोडी तुम्ही नीट पाहिलेली नाही. नोकरीत ते पाटबंधारे खात्यात होते. ऊन असो की चिखल, कालव्याच्या भरावावरून दिवसभर मोटारसायकल. निवृत्त झाल्यावरही सकाळचा चहा झाला की गाडी काढायची, नदीकाठच्या आपल्या उसाला आणि हळदीला एक फेरी मारायची, येताना भाजी आणायची. आता घरी आहे ती त्यांची तिसरी गाडी. पण तिन्ही गाड्यांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी झाली. गाडी घरी आली की कंपनीने बसवलेलं हँडल काढलं जायचं आणि त्या जागी एक बुटकं, सपाट हँडल यायचं. ते धरायला चांगलं पुढे वाकावं लागतं. त्याने वारा कमी लागतो, असं आजोबांचं म्हणणं. माझा अंदाज असा, की तरुणपणी त्यांना कोणीतरी सांगितलं असावं, तसं बसल्यावर तुम्ही रुबाबदार दिसता. आणि ते त्यांनी मनावर घेतलं.

मी मागे बसायची. आमच्या वेळच्या बायका बसत तशी, साडी सावरून, एका अंगाला, दोन्ही पाय डावीकडे, एक हात त्यांच्या खांद्यावर. सांगलीचा बाजार, मिरजेचे दवाखाने, साताऱ्याचं माझं माहेर, सगळीकडे तशीच. वर्षातून एकदा म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला जायचं, कारण तो आजोबांच्या घरचा कुलस्वामी. तिथेही आम्ही दोघं गाडीवरूनच जातो. एसटीने जाता येतं, मोटारीने जाता येतं. पण ते आमचं ठरून गेलेलं आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या लक्षात आलं, की आजोबा चहाचा कप डाव्या हाताने उचलतायत. विचारलं तर म्हणाले, "बदल म्हणून." मग शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागला. मी आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवलं आहे. काहीतरी लपवणारा माणूस मला वर्गाच्या दारातूनच ओळखू येतो. तरी मी गप्प राहिले, कारण लपवणारा माणूस सत्तरीचा असला की त्याला थोडा वेळ द्यावा लागतो.

तो वेळ मिरज रस्त्यावर संपला. आमच्यापुढे उसाची ट्रॉली चालली होती. ट्रॅक्टर एकदम थांबला. आजोबांनी ब्रेक दाबायला घेतला, पण उजव्या हाताची बोटं वेळेवर वळलीच नाहीत. गाडी पायाच्या ब्रेकवर घसरत थांबली, आणि ट्रॉलीबाहेर आलेला एक ऊस आजोबांच्या चष्म्यापासून वीतभर अंतरावर राहिला.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"हात झोपला होता," ते म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा होता. पण तिथून घरी येईपर्यंत त्यांनी एकाही गाडीला मागे टाकलं नाही.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि टाचणीच्या टोकाने एकेक बोट टोचून विचारलं, कुठलं बोट. अंगठा ओळखला, मधलं बोट ओळखलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट टोचलं तेव्हा आजोबा वाट पाहत राहिले. त्यांना वाटलं, अजून टोचायचं आहे. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक वाकून बसलेला माणूस काढला आणि समजावलं, की असं बसलं की धडाचा सगळा भार मनगटांवर येतो, मान वर ताणलेली राहते, आणि हाताची शीर दाबली जाते. "एक तर गाडी सोडा," त्या म्हणाल्या, "नाहीतर ताठ बसा."

त्या संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला. ते पहिल्याच पर्यायावर थांबले. "विकून टाका, बाबा. रिक्षा आहेत, बस आहेत."

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "मी हँडल बदलतो. त्या हँडलवर म्हसवडला जातो. तिथे पोचल्यावर ही दोन बोटं बधिर असली, तर गाडी तिथेच कुणाला तरी देईन आणि आम्ही एसटीने परत येऊ. मग पुन्हा गाडीचं नाव नाही."

तुमच्या बाबांना हे गमतीचं वाटलं. मला वाटलं नाही. आजोबा बोलले की करतात. आणि गाडी गेली की काय काय जाईल तेही मला दिसत होतं. गाडी गेली की शेत वाट्याने द्यावं लागणार. शेत गेलं की सकाळ जाणार. सकाळच गेली, तर बाकीच्या दिवसाचं या माणसाने काय करायचं?

गॅरेज आपल्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे, हळदीच्या गोदामांच्या ओळीत. तिथे थोडा वेळ बसलं तरी पदराला हळदीचा वास लागतो. गॅरेजवाला पन्नाशीचा, बोलका, आणि स्वतःबद्दल उत्तम मत असलेला माणूस आहे.

"काका, इतकी वर्सं मी सांगत हुतो, हे हँडल काढा. तवा तुमी आयकलं न्हाई."

"तू कधी सांगितलंस?"

"मनात सांगत हुतो."

त्याने आतून दोन-तीन हँडल आणली. त्यातलं एक उंच होतं आणि त्याची दोन्ही टोकं मागे, बसणाऱ्याकडे वळलेली होती. "हे घ्या. ह्याच्यावर बसलं की मानूस सरपंच दिसतोय."

टायर बदलायला आलेला एक शेतकरी बाकड्यावर बसला होता. तो म्हणाला, "सरपंच कसला, म्हसरावर बसल्यागत दिसतंय."

"गड्या, तुजं चाक माज्याकडं हाय, इसरू नगंस," गॅरेजवाला म्हणाला. शेतकरी हसला.

हँडल बदलायचं म्हणजे एक नळी काढून दुसरी लावायची, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. मी स्टुलावर बसून सगळं पाहिलं. त्या बुटक्या नळीला काय काय बांधलेलं होतं. क्लचची वायर, ब्रेक, एक्सिलेटर, हॉर्न, दिवा, वळायच्या दिव्यांची बटणं. एकेक सुटत गेलं आणि गाडीच्या पुढे लोंबत राहिलं. थांबायचं, निघायचं, वेग वाढवायचा, वाट मागायची, अंधारात बघायचं, सगळं दोन मुठींच्या आत आणून ठेवलेलं होतं. आणि त्यातल्या एका मुठीची दोन बोटं आता कामाला येत नव्हती.

नवं हँडल उंच, त्यामुळे जुन्या वायरी पुरेनात. गॅरेजवाला म्हणाला, ताणून बसवतो, काही होत नाही. बसवलं, इंजिन चालू केलं, आणि हँडल पूर्ण डावीकडे वळवलं तर कोणी एक्सिलेटर न पिळताच गाडी मोठ्याने गुरगुरायला लागली. ताणलेली वायर वळताना ओढली जात होती.

"नवी हाय, बुजतीया," तो म्हणाला. आजोबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग त्याने मुकाट्याने बाजारातून लांब वायरी मागवल्या.

सगळं जोडून झाल्यावर आजोबा गाडीवर बसले, आणि मी स्टुलावरून उठले. त्यांची पाठ सरळ होती. कोपरं अंगाजवळ, खांदे खाली. ते घरी खुर्चीत बसतात तसे बसले होते. मला आतापर्यंत गाडीवरचे ते म्हणजे समोरून हेल्मेटचा माथा आणि मागून वाकलेली पाठ एवढंच माहीत होतं. त्या दिवशी मला गाडीवर त्यांचा चेहरा दिसला.

"अगं, पुढचं चाक दिसत नाही इथून," ते म्हणाले. "लांबचं दिसतंय."

पुढचे काही दिवस फार चांगले गेले. ते एकटे शेतावर जायचे, येऊन मला हात दाखवायचे. मी केसांतला आकडा काढून टोचायची, ते डोळे मिटून सांगायचे, करंगळी, अनामिका, पुन्हा करंगळी. एकही चुकायचं नाही. तुमच्या बाबांना त्यांनी फोनवर सांगूनही टाकलं, की म्हसवड ही आता औपचारिकता आहे.

मग आम्ही दोघं मिरजेला गेलो, डॉक्टरीणबाईंना ही बातमी द्यायला. दवाखान्याच्या फाटकाशी उतरले तर आजोबा उजवा हात झटकत होते, पाणी झटकावं तसा. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी टाचणी घेतली, आणि आजोबा पुन्हा वाट पाहत राहिले.

परत गॅरेज. हँडल थोडं मागे फिरवून घेतलं. एकटे शेतावर गेले, हात ठीक. मला घेऊन बाजारात गेले, हात बधिर. मग थोडं पुढे फिरवलं. पुन्हा तेच. गॅरेजवाल्याने डोकं खाजवलं आणि माझ्याकडे पाहत म्हणाला, "काकू, राग मानू नगा, पन तुमचं वजन..."

"माझं वजन माझ्या बुडाखाली आहे," मी म्हटलं. "त्यांच्या बोटांवर कसं जाईल?"

त्याने हँडल दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. मग म्हणाला, "बसा बघू दोगंबी. मी मागनं फोटू काढतो." त्याने गाडी मधल्या स्टँडवर उभी केली. या स्टँडवर मागचं चाक अधांतरी राहतं आणि गाडी खुंटीसारखी ठाम उभी असते, ढकललं तरी पडत नाही. आजोबा एकटे बसले. त्याने मागून एक फोटो काढला. मग मी डाव्या बाजूने गेले, सवयीप्रमाणे त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, साडी धरली. त्याने घाईत बटण आधीच दाबलं. मी नीट बसल्यावर त्याने आणखी एक काढला.

तिघांनी मिळून ते फोटो पाहिले. मुलींचे निबंध शेजारी शेजारी ठेवून बघायची मला सवय, म्हणून मी त्याला ते एकापाठोपाठ एक सावकाश दाखवायला सांगितले. पहिल्या फोटोत आजोबांचे दोन्ही खांदे एका रेषेत होते. शेवटच्या फोटोत ते कमरेपासून उजवीकडे झुकले होते. उजवा खांदा खाली, उजवा हात काठीसारखा ताठ, आणि त्या हातावर सगळा भार. माझे पाय, माझी पर्स, माझं सगळं डावीकडे होतं आणि ते उजवीकडे जाऊन त्याची बरोबरी करत होते. हँडल एका माणसाच्या मापाचं बसवलं होतं. गाडीवर माणसं दोन होती.

एवढं मला पटकन कळलं. पण मग त्याने घाईत निघालेला मधला फोटो पुन्हा लावला, आणि आम्ही तो पाहत राहिलो. त्यात माझे दोन्ही पाय अजून जमिनीवर होते. मी सीटला टेकलेही नव्हते. नुसता हात खांद्यावर होता. आणि आजोबा तेवढ्यातच पुरते उजवीकडे झुकले होते.

"काकू, तुमी अजून बसला न्हाईसा," गॅरेजवाला हळू आवाजात म्हणाला. मग आजोबांकडे वळून, "आवं काका, गाडी स्टँडवर हाय. पडनार न्हाई. मग तुमी कुनाला तोलताय?"

आजोबांनी फोन हातात घेतला, चष्मा वर करून पाहिलं. "मला तर मी सरळच बसलोय असं वाटत होतं," ते म्हणाले. आणि ते खरं बोलत होते.

मुलांनो, मी शिकलेली बाई आहे; उगाच कशाने भारावून जात नाही. पण त्या गॅरेजात, ग्रीसने काळ्या झालेल्या त्या छोट्या पडद्यापुढे, मला काही सुचेना. मी लग्न होऊन आले तेव्हा हडकुळी होते. नंतर तुमचे बाबा पोटात होते, नंतर मांडीवर होते, नंतर मांडीवर दळणाचा डबा असायचा, परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे असायचे. मी जाड झाले, आजारपणात बारीक झाले, पुन्हा भरले. त्या प्रत्येक वेळी या माणसाची पाठ माझं त्या दिवशीचं वजन ओळखून तेवढीच उजवीकडे जात आली होती. त्याचा त्यांना पत्ता नव्हता आणि मला तर नव्हताच. आम्ही घरात कितीतरी गोष्टींवरून वाद घातले, कोण किती करतं त्याचे हिशेब मांडले. हे काम त्या वादांत एकदाही आलं नाही. ते आमच्यापैकी कोणालाच न विचारता चालू होतं. मंदिरात गाभाऱ्याच्या अंधारात पाऊल टाकल्यावर जसं वाटतं, तसं मला ते फोटो बघताना वाटलं. मी पदर नीट केला, तेवढंच सुचलं.

गॅरेजवाल्याला मात्र लगेच सुचलं. "सोपं हाय. वाकडं बसनाऱ्याला वाकडं हँडल. उजवी बाजू तापवून वर उचलून देतो. काकांचा हात मोकळा हुईल."

"आणि मी एकटा जाताना?" आजोबा म्हणाले.

"तवा काकूंना न्या संगं."

"हँडल सरळच राहू दे," मी म्हटलं. "मी सरळ बसते."

आजोबांना कळलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे दोन्हीकडे पाय टाकून. पुढे तोंड करून."

"साडीत?"

"साडीत कसं बसेन? पंजाबी ड्रेस शिवते."

आजोबा गोदामांच्या ओळीकडे बघत राहिले. ते लाजले होते. मी इतकी वर्षं त्यांना पाहते आहे. लाजले की त्यांना एकदम हवामानाची आठवण होते. "ढग आलेत," ते म्हणाले. ढग नव्हते.

मी जन्मात पंजाबी ड्रेस घातला नव्हता. शिंपीणबाईंना वाटलं मी सुनेसाठी आले आहे. त्या म्हणाल्या, माप कुठाय? मी हात पसरून उभी राहिले. सलवार सैल, कुडता गुडघ्याखाली, ओढणीला दोन्ही बाजूंना पिना. तो घालून घराच्या पायरीवर उभी राहिले, आजोबांनी गाडी पायरीला लावली, आणि मी त्यांचे दोन्ही खांदे धरून उजवा पाय पलीकडे टाकला. पाय मध्येच अडकला. शेजारच्या वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी आतल्या लोकांना हाक मारायच्या आत तो पलीकडे गेला.

गाडी निघाली, आणि गल्लीच्या उजव्या भिंतीकडे जायला लागली.

"नीट बस," आजोबा म्हणाले.

"मी नीटच बसलेय. तुम्ही नीट बसा."

"मी तर सरळ आहे."

"तुम्ही सरळ नाही आहात. उजवा खांदा खाली आहे. माझ्या हातात आहे तो."

त्यांनी गाडी थांबवली. मी आता मध्ये, सरळ बसले होते. पण त्यांची पाठ अजूनही डावीकडे पाय सोडून बसलेल्या बाईला तोलत होती. त्यांच्या मनाला सांगून उपयोग नव्हता. मन कधी या कामात नव्हतंच. मग रोज संध्याकाळी आम्ही नदीकडच्या रिकाम्या रस्त्याला जायला लागलो. माझे दोन्ही तळवे त्यांच्या दोन्ही खांद्यांवर. उजवा खाली गेला की मी तो नुसता बोटांनी उचलल्यासारखं करायची. गुऱ्हाळावर जाणारी माणसं वळून बघायची. एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय ओ, मास्तरीणबाई गाडी शिकवत्यात व्हय?" आजोबा म्हणाले, "होय, फी फार आहे." हळूहळू माझ्या तळव्यांना दोन्ही खांदे सारखे लागायला लागले. पण ती आठ-दहा मिनिटांची फेरी. म्हसवड लांब आहे.

आम्ही एका रविवारी पहाटेच्या उजेडात निघालो. तुमच्या बाबांना सांगितलं होतं, पोचल्यावर फोन करतो. आजोबांनी गाडीचे कागद खिशात घेतलेले मी पाहिले. गाडी तिथे कुणाला द्यायची वेळ आली तर लागतील म्हणून.

तासगावपर्यंत माझं लक्ष फक्त त्यांच्या खांद्यांवर होतं. द्राक्षबागा गेल्या, त्यांच्या तारा आणि खांब गेले. विट्याला चहाला थांबलो, त्यांनी मूठ उघडली, मिटली, पण मला आकडा काढू दिला नाही. "तिथे पोचल्यावर," ते म्हणाले. "ठरलंय तसं." तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. विट्याच्या पुढे रस्ता मोकळा होतो, हिरवा रंग कमी कमी होत जातो आणि माणदेश सुरू होतो. मी खांद्यांवरची नजर वर केली.

आणि रस्ता माझ्याकडे येत होता.

तुम्हाला हे कसं सांगू कळत नाही, कारण तुम्ही लहानपणापासून पुढे तोंड करूनच बसलेले आहात. या रस्त्याने मी तरुणपणापासून जाते आहे. पण एका अंगाला बसलेल्या बाईला प्रत्येक गोष्ट शेजारी आल्यावरच दिसते. झाड येत नाही, एकदम असतं आणि लगेच मागे जातं. जाताना रस्त्याची एक कड दिसते, येताना दुसरी. एक मोठं वडाचं झाड मला जातानाच्या वाटेवरचं म्हणून माहीत होतं, आणि एक दगडी विहीर येतानाच्या वाटेवरची म्हणून. त्या दिवशी मला समजलं की ती दोन्ही एकमेकांसमोर आहेत. मधून फक्त रस्ता जातो. ती तिथे माझ्या लग्नाच्याही आधीपासून समोरासमोर उभी असणार, आणि माझ्या डोक्यात त्यांच्यामध्ये अख्खा दिवस होता.

लांबवर एक ठिपका दिसला. तो मोठा होत गेला, त्याची मेंढरं झाली, मेंढरांमागे घोंगडी पांघरलेला माणूस झाला. टेकडी आधी निळी होती, मग करडी झाली, मग तिच्यावरचे दगड सुटे सुटे दिसायला लागले. पवनचक्क्यांची पाती आधी क्षितिजावर काड्यांसारखी हलत होती. जवळ गेल्यावर त्यांची सावली आमच्या अंगावरून गेली. मोटारीच्या काचेतून पुढचा रस्ता मी पाहिलेला आहे, पण तिथे मी बहुतेक वेळा डुलकी घेत असते किंवा वाचत असते. इथे वारा सगळा तोंडावर होता. मला वाटलं, हे सगळं रोज असं समोरून येत असतं, आणि आजोबा ते एकटेच बघत होते. मग आठवलं, तेही नाही. त्या बुटक्या हँडलवर वाकून ते चाकापुढची खडीच बघत होते. म्हणजे या रस्त्यावर आम्ही दोघंही आजच आलो होतो.

"दिसतंय का?" मी त्यांच्या कानाशी म्हटलं.

"दिसतंय," ते म्हणाले. काय, ते त्यांनी विचारलं नाही.

म्हसवडला देवळाजवळ गाडी लावली. उतरताना माझाच पाय मुंग्या येऊन जड झाला होता. आजोबांनी मला धरून उतरवलं. त्यांनी हेल्मेट काढलं, आधी देवळाच्या शिखराला हात जोडले आणि मग उजवा हात माझ्यापुढे करून डोळे मिटले. मी केसांतून आकडा काढला. चुकणार नाहीत असं बोट म्हणून आधी अंगठा टोचला.

"अंगठा. ते कोण विचारतंय?"

मग करंगळी टोचली. ते गप्प राहिले. शेजारून नारळाच्या टोपल्या घेऊन एक बाई गेली, तिने आमच्याकडे पाहिलं, पुढे गेली. मी पुन्हा टोचायला आकडा उचलला.

"करंगळी," ते म्हणाले. "मघाशीच कळलं होतं. जरा थांबलो."

"का?"

"पुन्हा टोचतेस का बघत होतो."

मी तिसऱ्यांदा टोचलं, जरा जोरातच, शेजारच्या बोटाला. त्यांनी हात मागे घेतला आणि बोटाचं नाव अगदी स्पष्ट सांगितलं.

आत गेलो. दर्शन घेतलं. गुलाल उजव्या हाताच्या चिमटीत धरून त्यांनी माझ्या कपाळाला लावला, माझ्या नव्या कुडत्यावरही थोडा सांडला. बाहेर आल्यावर तुमच्या बाबांना फोन केला. आजोबा एवढंच म्हणाले, "एसटी लागणार नाही." पलीकडून तुमचे बाबा म्हणाले, "सावकाश या."

आजोबांनी गाडी पायरीला लावली. मी बसले. दरवर्षी आम्ही आल्या रस्त्यानेच परत जातो, कारण तो जवळचा. देवळासमोरच्या वळणावर आजोबांनी गाडी थांबवली, एक पाय जमिनीवर ठेवून इकडेतिकडे पाहिलं.

"वडूजवरून जायचं?" ते म्हणाले. "पुढे पुसेसावळी. लांब पडेल."

"किती लांब?"

"बरंच."

त्या रस्त्याने मी कधी गेले नव्हते. त्याची कुठलीच कड मला माहीत नव्हती. सरळ वर चढत जाणारा रस्ता होता, त्यावर ऊन होतं, आणि चढाच्या टोकाला आकाश सोडून काही दिसत नव्हतं. मी त्यांचे खांदे धरले आणि म्हटलं, "चला."